टेबलाखालचा माल

माझ्या हातात शर्ट दिला की मी आधी तो उलटा करते. सुलटी बाजू काय, कुणालाही बघता येते. तिच्यासाठी पगार देऊन माणूस ठेवावा लागत नाही. सुटलेला टाका, लोंबता धागा, खिशाच्या कोपऱ्यात दडवलेलं रफू, सगळं आतल्या बाजूला असतं. शर्टांच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलाशी मी लग्नाआधीपासून उभी आहे आणि तिथे एक गोष्ट पक्की शिकले आहे. ज्या गठ्ठ्यात एकही पीस खराब निघत नाही, तो गठ्ठा कुणीतरी आधीच निवडून ठेवलेला असतो. माल घेणाऱ्या कंपनीचा माणूस यायचा असला की आमचा सुपरवायझर चांगले पीस वर रचतो आणि खराब पीस टेबलाखाली सरकवतो. तो माणूस वरचे चार पीस चाळतो, मान डोलावतो, चहा पितो आणि जातो.

त्यामुळे आमच्या मागच्या रस्त्यावरची प्राथमिक शाळा फार चांगली आहे असं सगळे एका सुरात सांगायला लागले, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली.

आम्ही या भागात नव्याने राहायला आलो होतो. घर माझ्या धाकट्या नणंदेने बघून दिलं होतं. "हवा छान आहे वहिनी," असं म्हणाली होती. हवा आहे खरी. खिडक्यांच्या फटींतून ती अहोरात्र येते. शाळाही तिनेच सुचवली.

"वहिनी, तू अगदी डोळे मिटून घाल तिला या शाळेत."

"गेल्या वेळी डोळे मिटूनच घातलं होतं," मी म्हटलं.

गेल्या वेळची शाळा चकचकीत होती. मी भेटायला गेले की बाई म्हणायच्या, "फार गुणी मुलगी. काही म्हणता काही त्रास नाही." मी हुरळून जायचे. वर्ष सरत आलं तेव्हा कळलं की माझ्या लेकीला दाराजवळच्या कोपऱ्यात बसवायचे, वाचनाच्या तासाला तिच्या हातात रंगीत खडू द्यायचे आणि शाळा तपासायला कुणी साहेब आले की शिपायाबरोबर गच्चीवर पाठवून द्यायचे. त्रास नाही याचा अर्थ एवढाच होता की ती वर्गात तोंड उघडत नव्हती. मी भांडायला गेले तर म्हणाल्या, "हिला वेगळ्या शाळेत घाला, जिथे अशी मुलं असतात." अशी म्हणजे कशी, ते कुणी सांगेना. माझी पोर टेबलाखालचा पीस होती आणि मी, चेकिंगवाली, वर्षभर वरचे पीस बघून मान डोलावत होते.

घरात ती बोलते. बेताचं बोलते, पण बोलते. बापाशी तर बरंच. परक्या माणसाने काही विचारलं की मात्र तोंडाला कुलूप. लहानपणापासून इतकं बारीक बारीक कुरतडत खाते की आम्ही तिला खारू म्हणतो. तर या खारूच्या वतीने बाहेर सगळीकडे मीच बोलते. नाव मी सांगते, इयत्ता मी सांगते, डॉक्टरांनी विचारलं की कुठे दुखतंय तेही मीच सांगते. कुणीतरी बोललं पाहिजेच ना. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकलं जात नाही.

यंदा ती वाचायला लागली नाही तर सगळे मिळून तिला त्या 'वेगळ्या' शाळेच्या रस्त्याला लावणार, हे मला दिसत होतं. म्हणून ही शाळा मला उलटी करूनच बघायची होती.

पालकांना वर्ग बघायला देतात तो दिवस धरून मी कारखान्यातून सुट्टी घेतली आणि खारूचा हात धरून निघाले. दारातच मोठ्या बाई उभ्या होत्या. मुख्याध्यापिका म्हणूनच नाही, त्या अंगानेही मोठ्या आणि आवाजानेही मोठ्या.

"या, या! काय नाव बाळ तुझं?"

मी नाव सांगितलं.

"कितवीत गं तू?"

"दुसरीत घालायचंय," मी म्हटलं.

मोठ्या बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि शाळा दाखवायला सुरुवात केली. बोलणं थांबता थांबेना. जो माल स्वतः बोलत नाही, त्याच्यासाठी दुकानदाराला बोलावं लागतं. पुस्तकांचं कपाट दाखवलं. काचेमागे पुस्तकं ओळीने उभी, एकाचीही कड मुडपलेली नाही. "किल्ली कुणाकडे असते?" मी विचारलं. "माझ्याकडे," त्या अभिमानाने म्हणाल्या. म्हणजे मुलं काचेतूनच वाचत असणार. भिंतीवर जगाचा नकाशा होता, तोही इतका उंच की मुलांना टाचा उंचावूनही समुद्रापलीकडे काही दिसू नये. पाण्याचा एक नळ गळत होता. मुलींच्या स्वच्छतागृहात गेले तर फरशी लख्ख, पण दाराची कडी तुटलेली आणि तिच्या जागी सुतळी बांधलेली. सुतळी बघून मला जरा बरं वाटलं. एवढं तरी त्यांनी लपवलं नव्हतं.

"आमची मुलं इतकी तयार आहेत," मोठ्या बाई व्हरांड्यातून चालता चालता म्हणाल्या, "पण तपासणीवाल्यांना त्यांचं कौतुकच नाही. विशेषतः दुसरीच्या वर्गाला दर वेळी मध्यमच शेरा. का, ते देवाला ठाऊक. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचेत."

मी कान टवकारले. कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसरीच्या वर्गात मागे दोन-तीन पालक बसले होते, मीही टेकले. बाई तिशीच्या आतबाहेरच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. एक मुलगा उभा राहून वाचत होता. वाचत होता म्हणजे काय, एका शब्दापाशी गाडी अडली होती. ओळीवर बोट ठेवून तो त्या शब्दाकडे बघत होता आणि बाई त्याच्याकडे. कुणी काही बोलेना. माझी जीभ शिवशिवायला लागली. मी असते तर केव्हाच तो शब्द सांगून मोकळी झाले असते. शेवटी त्याला तो सापडला आणि तो पुढच्या शब्दापाशी जाऊन अडला.

मग टाय लावलेल्या एका पालकांनी एका मुलीला विचारलं, "सात आणि आठ किती गं?" तिने बोटं बाकाखाली मोजली, हिशेब जुळला नाही म्हणून बाकावर घेऊन मोजली. टायवाले घड्याळ बघायला लागले. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "पंधरा," ती मुलगी म्हणाली आणि अशी काही बसली की जणू घर बांधून झालं.

पण माझं लक्ष भिंतीकडे होतं. खुंट्यांवर दप्तरं टांगलेली होती आणि ती मुलांपेक्षा बरीच जास्त होती. दप्तर आहे आणि मूल नाही. मी पुन्हा एकदा नजर फिरवली. पुढचे बाक तर जवळजवळ मोकळेच होते.

"बाई," मी उठून विचारलं, "बाकीची मुलं कुठायत?"

बाईंनी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या बाईंकडे पाहिलं. अगदी पापणी लवण्याइतकंच, पण पाहिलं. "मैदानावर आहेत," त्या म्हणाल्या.

"खेळाचा तास," मोठ्या बाई म्हणाल्या.

अर्ध्या वर्गाला खेळाचा तास आणि अर्ध्याला वाचनाचा? हे असलं मला सांगायचं नाही. मी त्या बाईंकडे बघत राहिले आणि माझ्या डोक्यात गणित झालं. पाहुणे आले, म्हणून चांगला माल वर ठेवला. वरचा माल हा असा, अडखळणारा, बोटं मोजणारा. तर मग टेबलाखाली काय भरलं असेल?

"नाव काय हिचं?" बाईंनी खारूकडे बघत विचारलं. मी सांगितलं. "बसू दे ना हिला इथे थोडा वेळ," त्या म्हणाल्या.

"नाही हो, ती अनोळखी ठिकाणी बसत नाही," मी म्हणते आहे तोवर खारू माझा हात सोडून त्या बोटं मोजणाऱ्या मुलीशेजारी जाऊन बसलीसुद्धा. दगाबाज. पण मला ते पथ्यावरच पडलं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर पडले आणि थेट शाळेच्या मागे गेले.

मैदानावर ती मुलं होती. दहा-बारा पोरं एका लांब दोरीने भिंतीची लांबी मोजत होती, आपसांत कचाकचा भांडत होती. शाळेच्या मावशी झाडाखाली बसून लक्ष ठेवत होत्या. चष्मा नाडीने डोक्यामागे बांधलेली एक मुलगी माझ्याजवळ आली.

"तुम्ही पाहुण्या का?"

"हो. तुम्ही वर्गात का नाही गं?"

"पाहुणे आहेत ना आज," ती म्हणाली. एवढंही कळत नाही का, असा तिचा चेहरा.

"पाहुणे आले की तुम्हाला बाहेर काढतात?"

"नेहमी."

"आणि वाईट नाही वाटत तुम्हाला?"

"नाही! आम्हाला इथेच आवडतं."

खारूही असंच म्हणायची. मला गच्चीवर आवडतं, आई. वर्षभर म्हणत होती आणि मला वाटायचं, वा, हिच्या शाळेला गच्ची आहे!

"अहो ताई," मावशींनी बसल्या जागेवरून हाक मारली, "मुलांना काय विचारता? काय ते बाईंना विचारा." म्हणजे यांनाही गप्प राहायला सांगितलेलं होतं.

मी तरातरा आत आले. मोठ्या बाई व्हरांड्यातच भेटल्या. विचार करून बोलावं असं माझी आई सांगायची, पण मला विचार बोलल्यावर सुचतात.

"तुमच्या दुसरीच्या बाई मुलं लपवतात," मी म्हटलं.

"लपवतात?"

"पाहुणे आले की मागे नेऊन ठेवतात. दर वेळी. मुलांनीच सांगितलं मला. मी असल्या शाळेतून एकदा पोळून आलेय. मला शंभर जणांनी सांगितलं तरी आता ताकसुद्धा फुंकून पिणार मी."

मोठ्या बाईंचं बोलणं पहिल्यांदाच थांबलं. त्यांचे डोळे बारीक झाले. "उद्या शाळा भरायच्या आधी या," त्या म्हणाल्या. "बाईंनाही बोलावते. समोरासमोर होऊन जाऊ दे."

मी वर्गातून खारूला उचललं. रस्त्यात तिने माझा हात ओढला. "आई, तिथे ना, बाईंनी ना—"

"तू बोलू नकोस. मला कळलंय सगळं," मी म्हटलं.

संध्याकाळी तिचा बाप घरी आला. तो टेम्पो चालवतो. टायर घेताना तो टायर बघत नाही, दुकानदाराचा चेहरा बघतो, आणि आजवर एकही टायर त्याला धड लाभलेला नाही. तरीही त्याचा जगावर विश्वास आहे.

"अगं, पण त्या बाईंनाच विचारायचंस ना."

"विचारलं. म्हणे मैदानावर आहेत."

"मग होतीच की मैदानावर."

"अहो, तुम्हाला कळत कसं नाही? मुलं मैदानावर का होती, ते विचारा!"

"मी कुठून विचारू? मी टेम्पोवर होतो." तो हसला. मग म्हणाला, "तुला खराब पीस सापडला नाही की चैन पडत नाही. सापडला की त्याहून पडत नाही. मग ही शाळा नको म्हणतेस?"

"नकोच."

"मग कुठली?"

मला रडूच आलं, आणि रडू आलं की मी भांडी घासते. त्या दिवशी घासलेलीही पुन्हा घासली. एका पोरीला बसायला एक धड बाक मिळू नये, एवढी ही माणसं कशी वाईट, असं माझ्या मनात येत होतं आणि प्रत्येकाचा चेहरा आठवून राग येत होता. नणंदेचाही आला, खिडक्यांसकट.

सकाळी खारूला घेऊन गेले. घरात ठेवायला कुणी नव्हतं. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर दुसरीच्या बाई माझी वाट बघत उभ्या होत्या.

"आत जायच्या आधी माझं ऐकाल का?" त्या म्हणाल्या. आवाज हळू होता, पण घाबरलेला नव्हता. "काल बाहेर होती ती माझी हुशार मुलं."

"काय?"

"वर्गात बसली होती ती मागची. सावकाश चालणारी. पाहुणे आले की मी हुशार मुलांना मावशींबरोबर बाहेर पाठवते. नाहीतर काय होतं? पाहुणा विचारतो, पहिल्या बाकावरचा उत्तर देतो. पाहुणा खूश, मी खूश, मोठ्या बाई खूश. आणि मागचं मूल वर्ष काढतं तोंड न उघडता. मी रोज विचारतेच हो त्यांना. पण परक्या माणसाने विचारलं, थांबला आणि उत्तर ऐकून घेतलं, की पोरगं घरी जाऊन चार दिवस तेच सांगतं."

गोष्ट चांगली रचली होती. एका रात्रीत बसवली असेल तर फारच चांगली.

"हे तुम्ही आत्ता सांगताय. काल का नाही सांगितलं? मी विचारलं होतं तुम्हाला."

"मोठ्या बाई तुमच्या शेजारी उभ्या होत्या."

"म्हणजे?"

"त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं खेळाचा तास असतो. त्यांना तपासणीत चांगला शेरा हवाय आणि ते काही चूक नाही, कारण शेरा खाली आला की मुलं गळतात, मुलं गळली की एक शिक्षक जातो. माझ्यामुळे शाळेचं नुकसान होतंय, हे मला कळतं. शाळेतला दोष शोधताय ना तुम्ही? मग तो मी आहे."

तेवढ्यात ती चष्म्याची मुलगी दप्तर हलवत व्हरांड्यातून आली. बाईंनी तिला थांबवलं आणि मला म्हणाल्या, "विचारा हिला काहीही."

मी समोरच्या फळ्यावरच्या मोठ्या सूचनेकडे बोट दाखवलं. पोरीने ती एका दमात वाचली, खालची तारीख वाचली, सही कुणाची ते सांगितलं आणि "अजून काही?" असं विचारलं. मी नको म्हटलं. ती गेली.

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं मी माल बघते आहे. चांगला वर आणि खराब खाली, याशिवाय माल कधी कुणी रचताना मी पाहिलेला नव्हता. "खराब पीस कुणी वर ठेवतं का हो?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"खराब नाहीत ती," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज धारदार झाला. मग त्यांनी खारूकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं. ती दोघींच्या मधे उभी राहून सगळं ऐकत होती.

"आत या," मोठ्या बाईंनी हाक दिली.

आत जाईपर्यंतच्या तेवढ्याशा वेळात मला लख्ख कळलं की मी काय करून ठेवलं आहे. हात दाखवून अवलक्षण. माझ्या पोरीला हवी तशी एकच जागा या गावात होती आणि तिच्यावर धाड घालायला मीच मोठ्या बाईंना बोलावून आणलं होतं. तपासणी पुढच्या आठवड्यात. हे त्यांना कळलं की हुशार मुलं आत, पुढच्या बाकांवर. आणि माझी खारू कुठे, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बोला," मोठ्या बाई म्हणाल्या. "काल तुम्ही म्हणालात की या मुलं लपवतात."

"कडीबद्दल बोलायचं होतं मला," मी म्हटलं.

"कसली कडी?"

"मुलींच्या स्वच्छतागृहाची. तुटलीय. सुतळी बांधलीय तिथे. बरं दिसत नाही ते."

मी आयुष्यात खराब पीसवर 'ठीक' असा शिक्का मारलेला नाही. त्यामुळे खोटं बोलायची सवय नाही, आणि ते माझ्या तोंडावर दिसत असावं. मोठ्या बाई खुर्चीत मागे टेकल्या.

"काल मुलं लपवत होत्या. आज सुतळी. मधल्या वेळात काय झालं? बाहेर काय बोलत होतात तुम्ही दोघी?"

"काही नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो. एकदम म्हणालो तिथेच फसलो.

मोठ्या बाई पुढे वाकल्या. "बाळ, तू होतीस ना काल वर्गात? आणि आत्ता बाहेरही होतीस. तू सांग मला. ती मुलं बाहेर का होती?"

"खेळाचा तास होता ना, म्हणून ती—" मी म्हटलं.

"तुम्हाला नाही विचारलं. तिला विचारलं."

मला माहीत होतं, काही होणार नाही. ती खाली बघेल, मग मोठ्या बाई कंटाळतील, मग मी बोलेन. नेहमी असंच होतं. पहिल्यांदाच मला तिच्या त्या कुलपाचा आधार वाटला. बोलू नकोस, खारू, मी मनात म्हटलं. आजचा दिवस बोलू नकोस.

"ती भराभर सांगतात म्हणून," खारू म्हणाली.

आवाज बारीक होता, पण तिचाच होता. ती टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होती.

"ती भराभर सांगतात, मग बाकीच्यांचं राहून जातं. म्हणून बाई त्यांना मोजायला पाठवतात. मग बाकीचे सांगतात. काल मी पण सांगितलं."

"तू?" मी म्हटलं. "काय सांगितलंस? कधी?"

"तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा."

मी मैदानावर चोर पकडत होते आणि इथे माझी मुलगी बोलली होती. ज्या एका क्षणासाठी मी इतकी वर्षं जिवाचं रान केलं, तो झाला तेव्हा मी तिथे नव्हते. मी नव्हते म्हणूनच झाला बहुतेक. हा विचार मनात आला आणि मला इतकं लागलं की मी टेबलाची कड धरली.

मोठ्या बाईंनी आधी दुसरीच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी ओळखली. शर्ट उलटा करताना माझी अशीच होते.

"छान," त्या म्हणाल्या. "छान पढवून आणलंय हिला. काल हिला नावसुद्धा सांगता येत नव्हतं, तुम्ही सांगितलंत. आणि आज ही मला शिक्षण कसं द्यावं ते सांगतेय? बाहेर व्हरांड्यात बसवलंत ना दोघींनी मिळून? एक नोकरी वाचवतेय स्वतःची, एकीला प्रवेश हवाय."

"नाही हो," मी म्हटलं. "शप्पत, नाही. हे तिचं तिचं आहे."

"असं सगळेच पालक म्हणतात."

खरं होतं. मीही यावर विश्वास ठेवला नसता. दप्तरं मोजणारी मी, मावशींच्या एका वाक्यावरून कट शोधणारी मी; माझ्यासमोर कुणी अशी पोर आणून उभी केली असती, तर मीही म्हटलं असतं, पोपट आहे. आता मी काय दाखवणार होते? जितकं बोलेन तितकं ते मीच शिकवल्यासारखं दिसणार होतं. खारू माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ पुन्हा मिटायला लागले होते. तिने पहिल्यांदा परक्या माणसाला काही सांगितलं होतं आणि ते तिचं नाही असं तिला सांगण्यात येत होतं.

"मी बाहेर जाते," मी म्हटलं. "बाईही बाहेर येतील. तुम्ही तिला विचारा. हवं ते विचारा, आम्ही व्हरांड्यात पढवलेलं असूच शकणार नाही असं काहीही विचारा. फक्त एक करा, विचारल्यावर थांबा. ती वेळ घेते."

खारूने माझी ओढणी धरली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तसं करायला मला किती जड गेलं ते मी कुणाला सांगू शकणार नाही. "मी इथेच आहे, दारापलीकडे," मी तिला सांगितलं आणि तिच्याकडे न बघता बाहेर आले. बाई मागोमाग आल्या. दार मीच लावलं.

आतून मोठ्या बाईंचा आवाज आला. त्यांनी काहीतरी विचारलं. त्यांचा आवाज मोठा असला तरी दार जाड होतं, शब्द कळले नाहीत. मग काहीच नाही. व्हरांड्याच्या टोकाला मुलं यायला लागली होती, कुणीतरी घंटेशी खेळत होतं. आत अजून काहीच नाही. माझा हात आपोआप कडीकडे गेला आणि बाईंनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. मला वाटलं, संपलं. मला वाटलं, आता मोठ्या बाई दार उघडतील आणि म्हणतील, बघा, मी म्हटलं नव्हतं का?

मग खारूचा आवाज आला. हळू, थांबत थांबत, पण येत राहिला. मधे मोठ्या बाई काहीतरी म्हणाल्या, एकच शब्द असेल, आणि ती पुन्हा बोलू लागली. इतका वेळ ती माझ्याशीसुद्धा कधी बोललेली नव्हती. मी दाराला कान लावायला वाकले आणि तशीच मागे सरले.

"काय सांगतेय हो ती एवढं?" बाईंनी विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हटलं.